खिडकीच्या या बाजूला

"यातून तुम्हाला काय मिळतं?" हा प्रश्न मला भांडुपच्या आमच्या सोसायटीत विचारतात, सकाळच्या स्लो लोकलमधले जुने सोबती विचारतात, आणि परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात ज्या रुग्णांचे फॉर्म मी भरून देतो त्यांच्यातलंही कुणी ना कुणी दर आठवड्याला विचारतं. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं. पैसे मिळत असतील, पुण्य मिळत असेल, किंवा मी ख्रिस्ती आहे हे कळलेलं असेल तर, माणसं बाटवायला मिळत असतील. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

मी रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. 34 वर्षं खिडकीच्या आत बसलो. 1998 च्या मे महिन्यात, गावी जाणाऱ्यांची गर्दी ऐन भरात असताना एका बाईने खिडकीतून सवलतीचा फॉर्म सरकवला. नवऱ्याला गळ्याचा कॅन्सर. तो मागे बाकावर बसला होता, गळ्याला पट्टी बांधलेली. फॉर्मवर डॉक्टरांची सही होती, शिक्का नव्हता. मी फॉर्म परत सरकवला. "शिक्का मारून आणा." ती म्हणाली, "साहेब, परत तिकडं गेलं तर आजचा दिस जातोय." मी म्हटलं, "पुढचे या."

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. आजही कुणी मला चूक म्हणणार नाही. पण शिक्का कुठे मिळतो, कुणाला भेटायचं, किती वाजेपर्यंत परत आलात तर मी इथेच असेन, हे तिला सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मला ते सगळं ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. तिने फॉर्मची बारीक घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. ती घडी मला अजून दिसते.

2017 मध्ये निवृत्त झालो. पहिलं वर्ष वाईट गेलं. पहाटे चारला जाग यायची आणि पुढे दिवसाचं काय करायचं कळायचं नाही. बायको म्हणायची, मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कामात लक्ष घाला. आमची मंडळी भायखळ्याला; मराठी ख्रिस्ती लोकांची तिकडे जुनी वस्ती आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्माही मुंबईतच झाला, हे आम्हाला शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेपासून, पाठ. मी जाऊ लागलो. नाताळच्या आधी आमच्यातल्या काही जणांबरोबर फुटपाथवर ब्लँकेटं वाटायला गेलो. कुणीतरी फोटो काढायला लागलं, तेव्हा ब्लँकेट घेणाऱ्या बाईने पदर ओढून तोंड झाकलं. ब्लँकेट मी दिलं होतं आणि लाज तिला वाटत होती. त्या रात्री मला आनंद वगैरे काही झाला नाही.

पुढच्या वर्षी एका शेजाऱ्यांना टाटाला घेऊन गेलो. टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 पासून परळला आहे, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येतात, हे तुम्हाला माहीत असेल. तपासणीचा नंबर यायचा होता. शेजारच्या खुर्चीवर चाळीसगावकडचे एक शेतकरी. बायकोच्या केमोची चौथी सायकल. बोलता बोलता कळलं, की आधीच्या तिन्ही वेळी दोघांचं पूर्ण भाडं भरून आले होते. सवलत असते हेच ठाऊक नव्हतं. कॅन्सरचा रुग्ण उपचाराला जात-येत असेल तर स्लीपरमध्ये आणि थ्री-टायर एसीमध्ये त्याचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट असते. मी हे झोपेतही सांगू शकतो. मी त्यांना फॉर्म आणून दिला, भरून दिला, सही कुठे, शिक्का कुठे, ते दाखवलं, आणि खिडकीपर्यंत बरोबर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या फॉर्मसकट खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. पाय थरथरत होते, खरंच सांगतो.

जळत्या झुडपापुढे मोशे सबबी सांगत असतो, तेव्हा देव त्याला विचारतो, तुझ्या हातात ते काय आहे? मोशे म्हणतो, काठी. मेंढरं राखणाऱ्याची साधी काठी. हा उतारा मी शंभर वेळा ऐकला असेल. पण माझ्या हातात काय आहे, हे त्या दिवशी परळला कळलं. मला प्रवचन करता येत नाही, गळा बरा नाही, पैसे पेन्शनपुरते. फॉर्म भरता येतात.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. पिशवीत चार बॉलपेनं, स्टेपलर, प्लॅस्टिकच्या फोल्डर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड. रेल्वेचे फॉर्म हा निम्मा भाग. उरलेलं काम नावांचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कागद जोडायचे, तर रेशन कार्डावर सिंधुबाई आणि आधारवर शिंदुबाई. दोन अक्षरांपायी माणूस अडतो. मग हॉस्पिटलात या योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राकडे जायचं, काय लागतं ते नीट विचारून लिहून घ्यायचं, गावी मुलाला फोन लावून कुठला दाखला कुणाकडून आणायचा ते सांगायचं, आणि फोन ठेवण्याआधी त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. माणसं घाबरलेली असतात. घाबरलेल्याला एकदा सांगून कळत नाही, हे 34 वर्षं आत बसून मला कळलं नव्हतं.

या अक्षरांच्या कामात मला आजी आठवते. ती केडगावच्या मुक्तिसदनात, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढली. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावं, म्हणून रमाबाईंनी स्वतः भाषांतर केलं आणि ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच मुली-बायकांच्या हातून छापून घेतलं. आजी तिथे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायची. छापलेलं पान ती सावकाश वाचायची, पण खिळ्यांची उलटी ओळ तिला भरभर वाचता यायची. देवाचं काम म्हणजे काय गं, असं मी लहानपणी विचारलं की ती म्हणायची, "मात्रा पडली तर कुठल्या तरी गावातली बाई त्या शब्दापाशी अडेल. म्हणून मी परत बघायची." एवढंच. आता शिंदुबाईची सिंधुबाई करताना मीही परत बघतो.

आनंद कधी होतो, तर यात. कुणी आभार मानतं तेव्हाही बरं वाटतं, नाही कशाला म्हणू. पण ते घरी पोचेपर्यंत विरतं. समोरच्या माणसाचं नाव, गाव, फाइल नंबर, बायको की बहीण, कुठल्या गाडीने आले, हे मी लिहीत असतो तेव्हा तासभर माझ्या मनात मी नसतो. निवृत्तीनंतरच्या त्या पहिल्या वर्षात माझ्या मनात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं, आणि ते फार जड होतं.

सगळं गोड आहे असंही नाही. गेल्या हिवाळ्यात एका मुलाचा फोन आला. आईचं परतीचं तिकीट मीच काढून दिलं होतं. म्हणाला, "काका, ते तिकीट रद्द करून द्याल का?" मी कारण विचारलं नाही. रद्द केलं, आणि परळ स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. तीन गाड्या सोडल्या. लाजराच्या कबरीपाशी प्रभू येशू रडला, पुढे त्याला मेलेल्यांतून उठवणार आहे हे ठाऊक असूनही रडला. त्या दिवशी मला तेवढंच वचन पुरलं. शुक्रवारी परत गेलो, कारण शुक्रवारी येतो असं दोघांना सांगितलं होतं.

आता धर्मांतराचं. माझ्या पिशवीत पत्रकं नसतात. माझा विश्वास ख्रिस्तावर आहे. विचारलं तर सांगतो, लपवत नाही. "काका, तुमच्या देवाला आमच्यासाठी सांगा," असं कुणी म्हणालं, तर तिथेच डोळे मिटतो. पण भरलेल्या फॉर्मच्या बदल्यात मी कुणाचा देव मागितला, तर ती सेवा राहत नाही, व्यवहार होतो. प्रभूच्या गोष्टीतला तो शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. त्याने त्या माणसाला काही पटवून दिल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

गेल्या आषाढातली गोष्ट सांगतो. सांगोल्याकडचे एक वारकरी बाबा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरले होते. सोबत सून. गळ्याला शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होता, सोमवार ते शुक्रवार, 25 वेळा घ्यायचा. चाळीस वर्षं वारी चुकली नव्हती आणि एकादशी नेमकी मधेच येत होती. आवाज जवळजवळ गेलेला. मी भेटलो की पुटपुटायचे, "राम कृष्ण हरी, माउली." मीही म्हणायचो, राम कृष्ण हरी. त्यांनी काही मागितलं नव्हतं. सुनेने एकदा हळूच विचारलं, "इथं जवळपास पांडुरंगाचं देऊळ आहे का हो, काका?"

वडाळ्याचं विठ्ठल मंदिर परळहून लांब नाही. एकादशीला सकाळी टॅक्सीने गेलो. पाऊस, आणि रांग किती लांब ते काय सांगू. लोकांनी बाबांच्या गळ्याची पट्टी पाहिली आणि पुढे सोडत गेले, एकेक करून, कुणी न सांगता. ते दोघं आत गेले. मी बाहेर त्यांच्या चपला, फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन छत्रीखाली उभा राहिलो. मंडळीतल्या एकाने मला नंतर जरा नाराजीनेच विचारलं, "तुम्ही तिथे काय करत होतात?" मी म्हटलं, चपला सांभाळत होतो.

बाबा बाहेर आले तेव्हा चेहरा वेगळाच होता. पायरीवर बसले. पाय सुजलेले, वाकता येईना. मी खाली बसून त्यांचे पाय पुसले आणि एकेक चप्पल चढवली. पट्टा शेवटच्या भोकातही पुरत नव्हता, तसाच सैल ठेवला. त्याच्या वहाणेचा बंद सोडायलाही मी योग्य नाही, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे येशूबद्दलचे शब्द त्या क्षणी आठवले, आणि घसा दाटून आला. उठायला लागलो तेवढ्यात बाबा पुढे झुकले आणि माझ्या ओल्या बुटांवर डोकं टेकायला लागले. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, मला माहीत आहे. तरी मी "अहो बाबा, नको, नको" म्हणत पाय मागे घेतले. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही असंच म्हणाला होता, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. देणारा म्हणून राहणं त्यालाही सोपं वाटलं असेल.

बाबा तसेच झुकून थांबले होते. त्यांना सरळ व्हायलाही त्रास होत होता. मी पाय पुढे केले.

मग सुनेने त्यांना एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. चारला शेकाचा नंबर होता. टॅक्सी मिळायला बराच वेळ लागला.