रुपयाचे अठरा पेन्स

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिरंग्याच्या आधी एक आकडा फडकतो: '१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर!' खाली आजचा भाव आणि दोन रडके चेहरे. पाठवणारे काका वयाने मोठे, त्यामुळे मी हात जोडलेली खूण पाठवून मोकळा होतो. पण कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय राहवत नाही.

त्या काळी रुपया पौंडाच्या दावणीला बांधलेला होता. डॉलरशी त्याचं थेट बोलणंच नव्हतं. एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे अठरा पेन्स. पौंडाचे पेन्स २४०, म्हणून पौंड १३ रुपये ५ आणे ४ पैचा (रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा). आणि पौंड होता ४.०३ डॉलरचा. भागाकार केला की डॉलर सव्वातीन रुपयांच्या थोडा वर जातो. विषय संपला. खरी गंमत आहे ती त्या अठरा पेन्सांत.

लक्ष्मीपूजनाला ताम्हनात मांडतात तो राणीछाप रुपया पाहिलाय ना? वजन बरोबर एक तोळा, १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. चांदी घेऊन मुंबईच्या टाकसाळीत जायचं आणि रुपये पाडून आणायचे, अशी तेव्हा सोय होती. त्यामुळे चांदीचा भाव तोच रुपयाचा भाव. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळायचे. मग जर्मनीने सोन्याचं नाणं धरलं, पाठोपाठ इतर देशांनी चांदी टाकली, आणि चांदीबरोबर रुपयाही घसरला तो पार पंधरा पेन्सांच्या आसपास. सरकारचा जीव कासावीस झाला, कारण साहेबांची पेन्शनं आणि रेल्वेच्या कर्जाचं व्याज लंडनला पौंडात भरायचं होतं आणि शेतसारा गोळा व्हायचा रुपयात. म्हणून १८९३ मध्ये लोकांच्या चांदीला टाकसाळीचं दार बंद झालं. रुपये दुर्मिळ करून भाव चढवला, आणि १८९८ च्या सुमारास तो सोळा पेन्सांवर आणून बसवला.

सोळा पेन्स हा फार देखणा दर. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे एक आणा बरोबर एक पेनी. पौंड बरोबर पंधरा रुपयांचा. पेढीवरच्या नवशिक्या कारकुनालाही तोंडी जमावं असा. पुढे महायुद्धात चांदी भडकली, १९२० मध्ये सरकारने रुपया पुन्हा दोन शिलिंगांवर न्यायची हौस केली आणि तोंडावर आपटलं. मग रुपयाचा दर ठरवायला सरकारने नेमलेला हिल्टन यंग आयोग आला, आणि १९२७ च्या कायद्याने ठरलं: अठरा पेन्स.

रुपया महाग झाला. फॉरवर्डवाल्या काकांच्या हिशेबाने पेढे वाटायला हवे होते. मुंबईचे गिरणीमालक मात्र खवळले. लँकेशायरचं एक पौंडाचं कापड पंधरा रुपयांना पडायचं, ते आता १३ रुपये ५ आणे ४ पैला पडणार. उलट इकडचा कापूस विकून विलायतेतून एक पौंड आला तर हातात तेवढेच कमी रुपये. आयोगातले सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. आणि १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरचा कर रद्द करा ही होती आणि रुपया सोळा पेन्सांवर आणा हीसुद्धा होती. म्हणजे रुपया स्वस्त करा! मिठाची मागणी दांडीपर्यंत चालत गेली. पेन्सांची मागणी घेऊन कुठे चालत जाणार?

अर्थात स्वस्त रुपयात सगळ्यांचंच भलं असंही नव्हतं. लंडनला रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहिलेले डॉ. आंबेडकर याच आयोगापुढे साक्षीला गेले होते. रुपया उतरला की देशात महागाई चढते, आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून निघतो, हा त्यांचा मुद्दा. मला दोन्ही बाजू ऐकल्यावर तोच सर्वांत खरा वाटतो. दर उंच की खाली, यापेक्षा तो कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जातो, हे त्यांनी विचारलं.

इंग्रज गेले, अठरा पेन्स राहिले. १९४९ मध्ये पौंड डॉलरपुढे वाकला तेव्हा आपणही बरोबरीने वाकलो, डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. अठरा पेन्सांची ही गाठ शेवटी ६ जून १९६६ ला आपणच तोडली: डॉलर साडेसातला, पौंड २१ रुपयांना. चहूकडून टीका झाली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात, पौंडाचं पुन्हा अवमूल्यन झालं. या वेळी आपण हललो नाही, आणि पौंड २१ वरून १८ रुपयांवर आला.

दावणीचा दोर सुटला तो सप्टेंबर १९७५ मध्ये. सरकारने रुपया एकट्या पौंडाऐवजी अनेक चलनांच्या टोपलीला बांधला. टोपलीत कोणतं चलन किती, ते मात्र गुपित ठेवलं.