सात डिव्हिजनांचा तरवा

लावणीसाठी आठ दिवस गावी आलोय. देवगडपासून आत, रेंज मिळते ती फक्त पडवीच्या एका खांबाजवळ. पावसाने फारच धरलं की कुणग्यातून, म्हणजे भाताच्या खाचरातून, घरी यायचं, त्या खांबाला टेकायचं आणि एनसीसीपासून लागलेलं व्यसन पुरवायचं : पलटणींचे इतिहास. यंदा धरलीय जर्मनीची सातवी डिव्हिजन (डिव्हिजन म्हणजे हजारो सैनिकांची मोठी तुकडी), म्युनिकची. तीही दोन महायुद्धांच्या मधली, म्हणजे लढाई नसलेल्या काळातली.

पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला 1,00,000 माणसांचं सैन्य ठेवू दिलं. त्यात अधिकारी 4,000. पायदळाच्या सात डिव्हिजन, घोडदळाच्या तीन. रणगाडे नकोत, विमानं नकोत, जनरल स्टाफ, म्हणजे लढाईचे बेत आखणारं अधिकाऱ्यांचं मंडळ, तर नकोच. शिपायाने 12 वर्षं नोकरी करायची, अधिकाऱ्याने 25. म्हणजे दरसाल पोरं शिकवून घरी धाडायची आणि गुपचूप राखीव फौज साठवायची, ही वाट बंद. तह लिहिणारे काही भोळे नव्हते. पण हवालदार-नायक किती असावेत, ते मात्र लिहायचं राहिलं.

1920 ते 1926 सैन्य हाती असलेल्या हान्स फॉन सेक्टने हीच फट धरली. प्रत्येकाला त्याच्या वरच्या हुद्द्याचं काम शिकवायचं, म्हणजे उद्या सैन्य वाढवायचं झालं तर वरची माणसं तयार. जनरल स्टाफला नवं नाव, 'ट्रुपेनआम्ट', आणि काम जुनंच. सरावाला मोटारींवर लाकडा-कापडाचे सांगाडे चढवून रणगाडे केलेले; दशावतारातल्या गणपतीच्या मुखवट्याइतकेच खरे. खऱ्या रणगाड्यांवर हात बसवायला पुढे माणसं थेट रशियात, कझानला.

सातवीची आणखी एक भानगड. 1923 च्या ऑक्टोबरात तिचा सेनापती ओटो फॉन लॉसोव बर्लिनच्या केंद्र सरकारचं ऐकेना, आणि म्युनिक ज्याची राजधानी त्या बव्हेरिया राज्याच्या सरकारने डिव्हिजनकडून आपल्या निष्ठेची शपथ घेतली. 8 नोव्हेंबरच्या रात्री बिअर हॉलमध्ये हिटलरने पिस्तूल दाखवल्यावर हाच लॉसोव त्याच्या बंडाला हो म्हणाला, आणि तिथून सुटताच उलटला. दुसऱ्या दिवशी बंड मोडलं. म्युनिकच्या इन्फन्ट्री स्कूलची पोरं मात्र बंडवाल्यांना सामील झाली होती. लॉसोवचं मला आजही कळत नाही. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

हे काकीला सांगत होतो. ती तरव्याच्या, म्हणजे लावणीच्या भातरोपांच्या, मुठी बांधत होती. म्हणाली, "अरे बाबू, तरवो एवढोसोच दिसता. लावूक घेतलंस काय सगळे कुणगे भरतत."

अगदी तेच झालं. 1934 मध्ये सातांच्या एकवीस झाल्या. जुन्या तुकड्या उपटून, फोडून नव्यांत लावल्या. बोभाटा नको म्हणून डिव्हिजनच्या मुख्यालयाला नाव 'आर्टिलरी फ्युरर', म्हणजे तोफखान्याचा प्रमुख. 16 मार्च 1935 ला सक्तीची भरती जाहीर झाली, 36 डिव्हिजनांची घोषणा झाली आणि लपवाछपवी संपली.

मला चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. कैसरच्या, म्हणजे जुन्या जर्मन सम्राटाच्या, मोडलेल्या रेजिमेंटांच्या परंपरा सेक्टने एकेका कंपनीला वाटून दिल्या होत्या. कंपनी शे-दोनशे माणसांची, पण अख्ख्या रेजिमेंटची वारस. सेक्टची ही फौज 1 जानेवारी 1921 ला रीतसर उभी राहिली. त्याच 1921 सालात इकडे 111 महार पलटण मोडली, 1917 ला उभारलेली. कोकणातले महार शिपाई कंपनी सरकारच्या काळापासून फौजेत. दापोली कॅम्पात तर पेन्शनरांची वस्तीच होती. बेळगावात महार रेजिमेंट उभी राहायला 1 ऑक्टोबर 1941 उजाडला. 1917 ला विशीत भरती झालेला शिपाई तोवर चाळिशी ओलांडून गेला होता.