कॉन्टेसाला पाना चालेल, गॅस-कटर नको

हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाला लोक देशी मसल कार, म्हणजे दणकट बांध्याची आणि ताकदवान इंजिनाची गाडी म्हणतात. लांब बॉनेट, रुंद बांधा, ड्राइव्ह मागच्या चाकांना, नाव शोभतंही. पण १९८४च्या सुमारास बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती बनायला लागली तेव्हा आत इंजिन होतं ॲम्बॅसॅडरचंच, १४८९ सीसीचं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. जपानी इसुझू कंपनीचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर नंतर आले. दिसायला पैलवान आणि दम बेताचा, म्हणून बडोद्यात कुणाच्या हाती कॉन्टेसा लागली की पहिला प्रश्न येतो, हिच्यात कुठलं इंजिन बसवू?

माझं मत ठाम आहे. जो बदल पान्याने होतो आणि पान्यानेच परत निघतो, तो खुशाल करा. गॅस-कटर, ग्राइंडर किंवा ड्रिल लागणार असेल तर थांबा.

कारण असं की या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट नाही. खालचा पत्रा, दारांखालच्या पेट्या, गिअरबॉक्सवरचा बोगदा आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. मोठं इंजिन बसवताना पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे इंजिनाखालची आडवी पट्टी कापतात, बोगदा फोडून रुंद करतात. मग प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा कोन बिघडतो, साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरायला लागते, त्या दांड्याचे युनिव्हर्सल जॉइंट लवकर जातात. वजन पुढे वाढतं आणि ब्रेक जुनेच राहतात. सांगाडा थोडासा जरी पिळला गेला तरी पुढच्या काचेचं रबर गळायला लागतं आणि दारं नीट बसत नाहीत. हे नंतर कुठलाही मिस्त्री सरळ करून देत नाही.

कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्याहून मोलाची गोष्ट २०२१च्या विंटेज नियमांत आहे. ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नवी नोंदणी २०,००० रुपयांत, मुदत १० वर्षं, आणि गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरती रस्त्यावर काढायची. अट ही की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पहिल्या कॉन्टेसा २०३४मध्ये पन्नाशी गाठतील. म्हणजे आज कापलेला क्रॉसमेंबर तेव्हा आडवा येणार.

मूळ इंजिन जपण्याचा धडा अमेरिकेत महागात शिकले. तिथे १९६८पासून इंजिनच्या ब्लॉकवर गाडीच्या नंबरचा भाग ठोकलेला सापडतो. शेव्हरोलेच्या साध्या मालिबूला बिल्ले लावून ती ताकदवान शेव्हेल एसएस म्हणून विकणारे पुष्कळ निघाले, म्हणून आता तिकडे खरेदीदार आधी ब्लॉकवरचा नंबर बघतो आणि नंतर रंग. आपल्याकडेही तसंच करावं. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर प्रत्यक्ष वाचा, कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घ्या. ठोकलेले आकडे खोलीला आणि रांगेला एकसारखे हवेत; भोवतालचा पत्रा ग्राइंडरने गुळगुळीत झालेला दिसला तर सौदा सोडा. मग पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर आणि काचेच्या रबराखाली फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे पुट्टी आहे. डिकीतल्या स्पेअर चाकाखालचा खळगा आणि दाराची आतली चौकट या दोन जागी मूळ रंग बहुधा शिल्लक असतो, नमुना तिथूनच घ्या. जुना रंग पातळ असतो. लोकरीच्या चकतीने जोरात पॉलिश केलं तर कडांवर पत्रा उघडा पडतो.

गुजरातेत एक बदल घरोघरी झाला: सीएनजी किट. सिलिंडरच्या पट्ट्यांसाठी डिकीच्या तळाला भोकं पडतात आणि गंज तिथूनच पसरतो. शिवाय जुन्या १४८९ सीसी इंजिनचं हेड बिडाचं. गॅसवर त्यातल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, टॅपेटची फट बुजते आणि व्हॉल्व्ह जळतो. हेड उघडलंच असेल तर कडक धातूच्या बैठका बसवून घ्या. बाहेरून काही दिसत नाही आणि इंजिन वाचतं. किट काढलं तर आरसीवरची नोंदही काढून घ्या.

ऑगस्ट २०२४च्या पुरात बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं, त्यांची तपासणी वेगळी. कार्पेट आणि त्याखालचं तागाचं नमदं पूर्ण बाहेर काढा. दारांखालच्या पेट्यांची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, आतला गाळ धुवा, आठवडाभर वाळवा आणि मगच आत मेण फवारा. ओलसर पत्र्यावर रबर कोटिंग मारलं तर गंज आत झाकला जातो आणि दोन पावसाळ्यांत तळाला भोकं पडतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल दुधाळ दिसो न दिसो, बदलाच.

आता पान्याने होणारी कामं. हेडलाइटला रिले लावा, म्हणजे मोठा प्रवाह स्विचऐवजी थेट बॅटरीकडून दिव्याला देणारी छोटी डबी. ५५ वॉटचे दोन दिवे मिळून सुमारे नऊ अँपिअर ओढतात, तो सगळा भार जुन्या स्विचमधून जातो. स्विच तापतो आणि उजेड पिवळट पडतो. ३० अँपिअरचा रिले, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १५ अँपिअरचा फ्यूज, एवढंच. रिले बॅटरीजवळच्या आधीच्याच बोल्टवर बसवा, नवं भोक पाडू नका. ठिणगीसाठीच्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसतं, तेही चालेल.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलमुळे मात्र बदल टाळता येत नाही. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो, चिरतो. पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, कार्ब्युरेटरची निडल व्हिटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टोकाची घ्या. सुरुवातीला टाकीतला जुना चिकटा सुटून फिल्टर तुंबतो, तेव्हा दोन फिल्टर जवळ ठेवा. शुद्ध पेट्रोलला हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण १४.७ला एक, ई२०ला ते साधारण १३.५ला एक. म्हणजे इंधन आठ-नऊ टक्के जास्त हवं. कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणारा मेन जेट १२५चा असेल तर १३०चा लावला की छिद्राचं क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच वाढतं. प्लग पांढराफटक दिसला तर मिश्रण अजून पातळ आहे, फिक्कट तपकिरी झाला की जमलं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेतली ओल इथेनॉल ओढून घेतं.

काढलेला प्रत्येक भाग, अगदी जुना जेटसुद्धा, तेलाचा हात लावून, चिठ्ठी घालून गाडीसोबतच ठेवा. विकताना ती पेटी गाडीबरोबर द्या.

मूळ इंजिन भंगारात गेलेलं, तळ आधीच बदललेला, नंबर घासलेला, अशी कॉन्टेसा पदरात आली तर तिच्यावर हौस भागवायला माझी हरकत नाही. पण आरटीओची लेखी परवानगी आधी, आणि नव्या इंजिनच्या आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि मागचा ॲक्सल करून घ्या. आणि असल्या गाडीवर मूळचा बिल्ला लावून ती अस्सल म्हणून विकू नका.