दुसऱ्यांच्या मुलाखती घेणारा स्वतःच्या घरी पोचतो तेव्हा

पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार, मिळालं की माणूस काय करेल, ऑफिसात केक, घरी फोन, फेसबुकवर फोटो. होसे आंतोनिओ व्हार्गासला त्या दिवशी आजीचा फोन आला आणि तिने विचारलं काय, तर आता लोकांना कळलं तर कसं होणार? हा बाथरूममध्ये जाऊन रडला. २००८ची गोष्ट. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबाराच्या कव्हरेजसाठी वॉशिंग्टन पोस्टच्या टीमला पुलित्झर मिळालं, त्या टीममध्ये हा होता आणि याच्याकडे अमेरिकेत राहायचे धड कागदच नव्हते.

मी पण काही वर्षं नवी मुंबईत लोकल रिपोर्टिंग केलंय, पालिका, सिडको, एपीएमसी, सगळं. आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक डॉक्युमेंटरी पडलेली असते, कुणाची खाडीवर, कुणाची गावठाणातल्या घरांवर, आणि ती कधी होत नाही. म्हणून जो खरंच पेपर सोडून फिल्मकडे गेला त्याचं मला जरा जास्तच कौतुक, हे आधीच सांगून ठेवते.

तर हा मूळचा फिलिपिन्सचा. १९९३ मध्ये, बारा वर्षांचा असताना, आईने विमानात बसवून दिला, कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला आजी-आजोबांकडे. सोळाव्या वर्षी सायकल मारत गाडीचं लायसन्स काढायला गेला तर काउंटरवरच्या बाईने ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, उलटसुलट बघितलं आणि हळूच सांगितलं की हे खोटं आहे, इथे परत येऊ नकोस. घरी येऊन आजोबांना विचारलं, ते सिक्युरिटी गार्ड, त्यांनी मान खाली घालून सांगितलं की हो, विकत घेतलंय. त्याला खोट्या नावाने, खोट्या पासपोर्टवर अमेरिकेत आणणाऱ्या दलालाला ४,५०० डॉलर मोजले होते. मग शाळेत क्वायरची, म्हणजे गाण्याच्या ग्रुपची, टूर जपानला जायची ठरली तेव्हा याने क्वायरच्या मॅडमना खरं काय ते सांगितलं, कारण पासपोर्ट कुठून आणणार, आणि त्या मॅडमनी काय करावं, अख्खी टूर हवाईला नेली! असे लोक त्याला प्रत्येक टप्प्यावर भेटले, हे तो स्वतःच सांगतो.

पोस्टच्या इंटर्नशिपसाठी लायसन्स लागत होतं, ते त्याने ओरेगॉनमधून काढलं, आठ वर्षांचं, म्हणजे तिसाव्या वाढदिवसाला संपणारं. आता बघा, मधल्या काळात त्याने न्यूयॉर्कर मॅगझिनसाठी फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गची प्रोफाइल लिहिली, व्हाइट हाउसमध्ये जाऊन आला, आणि डोक्यात एक्सपायरी डेट. जून २०११ मध्ये त्याने सगळं लिहून टाकलं. लेख आधी पोस्टकडे दिला होता, त्यांनी छापला नाही, मग न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने छापला. फॉर्मवर 'सिटिझन' या चौकोनात खोटी टिक केली हेही त्यात आहे, झाकलेलं नाही.

इथपर्यंत तो लेखकच. फिल्मचं असं झालं की आधी त्याला आपल्यासारख्याच कागद नसलेल्या बाकीच्या मुलांवर करायची होती, म्हणजे आपल्या रिपोर्टर लोकांची नेहमीची सवय, कॅमेरा दुसऱ्याकडे. पण गोष्ट फिरून आईवर आली आणि तिथे जाणार कसं? एक वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहिलेला माणूस देश सोडून बाहेर गेला की अमेरिकेचा कायदा त्याला दहा वर्षं परत येऊ देत नाही. म्हणून दिग्दर्शक अमेरिकेतच आणि त्याच्याच आईचं शूटिंग करायला दुसरे लोक फिलिपिन्सला. ही फिल्म, 'डॉक्युमेंटेड', २०१३ मध्ये आली, २०१४ मध्ये सीएनएनवर दाखवली. भाषणं, सभा, सिनेटपुढची साक्ष, ते सगळं मला थोडं प्रचारकी वाटलं, खरं सांगते. पण आई आणि तो स्काइपवर समोरासमोर येतात तिथे कळतं की हे पेपरात जमलंच नसतं. लेखात आईला जवळजवळ अठरा वर्षं भेटलो नाही हे एका ओळीत संपतं. स्क्रीनवर दोघांना काय बोलावं ते सुचत नाही, आणि आपल्याला ते बघत बसावं लागतं.

लेखात सगळं सांगून टाकल्यावर सोपं झालं असं पण नाही. जून २०१२ मध्ये ओबामांनी लहानपणी आलेल्यांसाठी हद्दपारीपासून सवलत आणली, अट होती एकतिशीच्या आतली. हा फेब्रुवारीतच एकतीसचा झालेला. चार महिन्यांनी हुकलं. जुलै २०१४ मध्ये टेक्सासच्या मॅकअ‍ॅलन विमानतळावर बॉर्डर पॅट्रोलने, म्हणजे सीमेवरच्या पोलिसांनी, धरलं, काही तासांनी सोडलं.

हे सगळं मी ऐरोलीत आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना सांगितलं आणि ते भडकलेच. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत एचवनबी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, कितीतरी वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत, परत जाताना व्हिसाचा शिक्का मिळाला नाही तर या भीतीने बहिणीच्या लग्नाला पण आला नाही. काका म्हणाले, अगं आमचा पोरगा नियमाने उभाय, ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यात आपली एवढी माणसं, आणि याच्यावर सिनेमा? मुद्दा चूक नाहीये. मी म्हटलं काका, याला उभं राहायला रांगच नव्हती, अमेरिकेत आजोबांना नातवासाठी अर्ज करता येत नाही. ते म्हणाले, मग बारा वर्षांच्या पोराला पाठवणाऱ्यांनी विचार करायचा होता. मी म्हटलं, फिल्ममध्ये आई आहे ना, बघा तरी. काकूंनी मध्येच लिंक मागितली. काकांचं अजून 'सिटिझन'च्या त्या खोट्या टिकवरच अडलंय, म्हणतात खोटं ते खोटं.