ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन : विमानाचे पावणेदोन तास आणि व्हिसाचे दोन महिने

उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो ते स्वालबार्ड या आर्क्टिक बेटांवरचं लाँगइयरब्येन किती लांब म्हणून शोधलं की लगेच उत्तर येतं, हवाई अंतर साधारण ९६० किलोमीटर, वेळ पावणेदोन तासांच्या आतबाहेर. मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच. आकडे बरोबर आहेत, पण भारतीय पासपोर्टवाल्याने तेवढ्यावर तिकीट काढू नये, आणि आम्ही तेच केलं.

स्वालबार्ड नॉर्वेचं आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिथे जायला म्हणून व्हिसा लागतच नाही, पण पोचायचं नॉर्वेतूनच, म्हणजे नॉर्वेत आलात ही एक एंट्री, स्वालबार्डला गेलात की शेंगेनच्या बाहेर, आणि परतताना दुसरी एंट्री. मी फॉर्मवर दोन एंट्रीच मागितल्या होत्या. व्हिसा सेंटरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, स्वालबार्ड नॉर्वेच आहे ना, मग सिंगल पुरेल," आणि पेनाने खूण बदलायला लावली. मी नकाशा दाखवला, तिकिटं दाखवली, मागे रांग खोळंबलेली, ती म्हणे सिस्टीममध्ये देश एकच दिसतोय. तिने इतकं ठामपणे सांगितलं की मी सही केली. अठरा दिवसांनी पासपोर्ट आला, घाईघाईने पाकीट फाडलं, स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात ०१. त्या शून्य-एककडे मी कितीतरी वेळ बघत बसले. ईमेल केले, फोन केले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी, शेवटी उत्तर काय तर नवीन अर्ज करा, नवीन फी भरा. चूक त्यांची, पैसे आमचे. दुसऱ्या वेळी मी कव्हर लेटरच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की स्वालबार्ड शेंगेनबाहेर आहे, म्हणून दोन एंट्री हव्यात, जाण्यायेण्याच्या तारखा ठळक केल्या, आणि काउंटरवर फॉर्मला हात लावू दिला नाही. निघायच्या सहा दिवस आधी पासपोर्ट आला, ०२! मी आणि आई दोघी रडलो.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो वेळ वापरा. आणि स्टिकर तिथेच उभं राहून तपासा, घरी आणून नाही.

ओस्लोहून येणारं विमान ट्रॉम्सोला थांबत असेल तर सगळ्यांना हातातलं सामान घेऊन खाली उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात. तिथल्या ऑफिसरने शिक्का मारून अर्ध्या मिनिटात पासपोर्ट परत दिला. दोन महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते अर्ध्या मिनिटात!

खिडकीची सीट घ्या हे राहिलंच. जूनमध्ये मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही, आधी नुसता समुद्र आणि ढग, मग एकदम टोकदार डोंगर, त्यांच्यामधून उतरणाऱ्या हिमनद्या आणि खाली फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राचं, शिसवी पाणी. सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं ध्रुवीय अस्वल उभं आहे. आईने पट्ट्यावरच्या बॅगा सोडून आधी त्याच्यासोबत फोटो काढायला लावला. भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र इथून अजून शंभरेक किलोमीटरवर, न्यू-ऑलेसुंडला, २००८ पासून आहे, तिथवर काही आमचं जाणं झालं नाही.

परतताना ट्रॉम्सोला ऑफिसरने स्टिकर पाहिला, ०२ वर बोट ठेवलं आणि "वेलकम बॅक" म्हणाला.