वरच्या डबक्यातले पांढरे, खालच्यातले तांबडे

राजापूर तालुक्यातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, पावसाने जांभ्यातले खळगे भरले की मी जाळी आणि पांढरा ट्रे घेऊन तिथे पोचते. शोध असतो फेअरी श्रिंपचा. बोटाच्या पेराएवढा, कवच नसलेला हा जीव पोट वर करून पोहतो आणि पायांच्या अकरा जोड्या लाटेसारख्या हलवतो. पाणी आटायच्या आत वाढायचं, अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच त्याचं आयुष्य. टणक कवचाची ती अंडी मात्र उन्हाळाभर, कधी कधी कित्येक वर्षं, सुक्या मातीत तग धरतात.

त्या दिवशी दोन शेजारच्या डबक्यांतले श्रिंप ट्रेमध्ये घेतले आणि बघतच राहिले. वरच्या उथळ डबक्यातले लहान, काचेसारखे पारदर्शक. खालच्या शेवाळी पाण्यातले जवळजवळ दुप्पट आणि शेपटीची दोन्ही टोकं शेंदरी. गुरं घेऊन आलेले आजोबा डोकावून म्हणाले, "आमी ल्हान व्हतो तवापास्ना ह्ये असंच. वरचे पांढरे, खालचे तांबडे." इतक्या वर्षांचं निरीक्षण! मी ते तारखेनिशी वहीत उतरवून घेतलं.

दोन जाती असतील का? या कुळात जात ओळखायची ती नराच्या दुसऱ्या जोडीच्या शृंगिकांवरून, म्हणजे डोक्यावरच्या मिशांवरून. मादीला धरण्यासाठी त्या आकड्यासारख्या वळलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाची ठेवण जातीगणिक वेगळी. सह्याद्रीतली स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस ही जात तर थेट 2014 साली जगापुढे आली, त्यामुळे धडधड होतीच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडचे नर शेजारी ठेवले. टोकं हुबेहूब सारखी.

मग दोन्हीकडची सुकी माती आणून एकाच पाण्यात, एकाच खाद्यावर पिल्लं वाढवली. आकारातला फरक गेला, रंगही गेला. शेंदरी छटा शेवाळातल्या रंगद्रव्यांची होती, लहानखुरेपणा अपुऱ्या अन्नाचा आणि तापणाऱ्या पाण्याचा.

खरा धक्का बसला तो डीएनएचे निकाल हाती आले त्या दिवशी. प्राण्यांच्या जाती ताडायला नेहमी वापरतात तो सीओआय जनुक तपासायला दिला होता. सोबत घळीपलीकडच्या सड्यावरचे नमुनेही होते, केवळ तुलनेसाठी. दिसायला ते थेट वरच्या डबक्यातल्यांसारखे, लहान आणि पारदर्शक. संगणकावर तिन्हींच्या डीएनएच्या अक्षरमाळा एकाखाली एक लावल्या. पांढरे आणि तांबडे तंतोतंत जुळले. घळीपलीकडचे मात्र जागोजागी वेगळे निघाले. जिथे डोळ्याला फरक दिसत होता तिथे या जनुकात काहीच नव्हतं आणि जिथे दिसत नव्हता तिथे होता. मी ती फाईल पुन्हा पहिल्या अक्षरापासून तपासली.

माझा कयास असा, की आजोबांची गुरं दोन्ही डबक्यांत उतरतात. खुरांच्या चिखलातून अंडी इकडून तिकडे जात असणार. घळ मात्र गुरं ओलांडत नाहीत. वारा आणि पाणपक्षी अंडी नेतात हे खरं, पण नुसतं पोचून भागत नाही. जे आधी आले त्यांनी मातीत अंड्यांचा साठा करून ठेवलेला असतो आणि एका पावसात त्यातली थोडीच फुटतात. दर वर्षी त्यांचीच पिल्लं पुढे, नंतर आलेल्याला शिरकाव करणं अवघड. म्हणून ओरडून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावरही दोन वंश वेगळे राहू शकतात. एका डबक्यावरून सगळ्या सड्याचा हिशेब मांडणं मला तेव्हापासून पटेनासं झालं आहे.

घळीपलीकडच्या सड्यावर आता चिरेखाण सरकत आली आहे. जागेच्या मालकांना मी ट्रेमधले श्रिंप दाखवले, ते डबकं आणि भोवतालचा कातळ सोडायची विनंती केली. ते विचार करतो म्हणाले आहेत. तोवर चैत्रात पाणी पूर्ण आटलं की तळाची माती खरवडून कागदी पाकिटांत भरून ठेवणार आहे, प्रत्येक कोपऱ्याची वेगळी.