गारठा खालून येतो: तंबूची तिसरी खेप

मागच्या दोन खेपांचं माझं रडगाणं तुम्हाला पाठ झालं असेल. पहिल्यांदा ओढ्याकाठच्या मऊ हिरवळीवर तंबू लावला आणि रात्रभर कुडकुडलो. दुसऱ्यांदा जाडजूड स्लीपिंग बॅग घेऊन गेलो आणि तरीही कुडकुडलो, फक्त पाठीवर अर्धा किलो ओझं जास्त होतं. दोन्ही वेळा दोष बॅगेला दिला. ही तिसरी खेप तीन दिवसांची आणि दोन मुक्कामांची होती. उद्यान तेच, डोंगर तेच, जोडीदारही तोच. या वेळी थंडी वाजली नाही. बॅग मात्र जुनीच होती.

बॅगेचा हिशोब आधी उरकतो. माझ्या बॅगेवर ठळक अक्षरांत उणे सात लिहिलंय. शिवणीतली चिठ्ठी उलटून पाहिली तेव्हा कळलं की तो आकडा ‘मर्यादेचा’ आहे. ‘आरामाचा’ आकडा उणे एक. आयएसओ २३५३७ या मानकात हे दोन्ही आकडे वेगवेगळे काढतात. मर्यादा म्हणजे सरासरी पुरुष अंगाचं मुटकुळं करून जेमतेम झोप काढू शकेल ते तापमान. आराम म्हणजे सरासरी बाई हातपाय सैल सोडून निवांत झोपेल ते. चाचणी होते तापवलेल्या पुतळ्यावर, आणि त्या पुतळ्याच्या खाली मॅट असते. ही मॅटची बाब मी दोन खेपा साफ विसरलो होतो.

आपण आडवे झालो की अंगाखालचा बॅगेचा भाग चेपला जातो. ऊब धरते ती पिसांत किंवा तंतूंत अडकलेली हवा, आणि तीच निघून गेल्यावर खाली उरतं नुसतं कापड. मग पाठ आणि जमीन यांच्यामध्ये जे काही असतं ते मॅटचंच. मॅटचा थंडी अडवण्याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू, आणि त्यातली सोयीची गोष्ट अशी की एकावर एक मॅट टाकली तर आकड्यांची सरळ बेरीज होते. माझी फोमची पातळ मॅट दोनची. या वेळी तिच्यावर हवेची ३.२ची मॅट टाकली, झाले ५.२. फोमची खाली ठेवली, म्हणजे एखादा काटा हवेच्या मॅटपर्यंत पोचत नाही. शिवाय वाटेत बसायला तीच कामाला येते.

पण खरा फरक पडला तो जागेमुळे, आणि तो मी या वेळी मोजूनच घेतला.

पहिल्या मुक्कामाची जागा २६५० मीटरवर. उद्यानाने आखून दिलेल्या पट्ट्यातच तंबू लावायचा असा नियम आहे, पण पट्टा चांगला ऐसपैस: खाली ओढ्याकाठचं सपाट गवत, आणि तिथून चाळीसेक मीटर वर डोंगरसोंडेवरचा एक छोटा सपाट टप्पा. जोडीदाराचा डोळा अर्थातच गवतावर. ‘अरे, पाणी हाताशी आहे, वर कशाला तडफडायचं?’ मी म्हटलं, एक थर्मामीटर इथे ठेवू, एक वर नेऊ, सकाळी बघू. तसाही पाण्यापासून साठ मीटर तरी लांब राहायचं हा संकेत आहेच, म्हणजे गवताचा निम्मा भाग बादच होता.

पहाटे साडेपाचला सोंडेवर अधिक एक. खाली जाऊन पाहिलं तर उणे चार. चाळीस मीटरांत पाच अंश! आणि तेही उलट्या दिशेनं. एरवी उंची वाढली की हवा गार होत जाते, सरासरी हजार मीटरला साडेसहा अंश. वाट सुरू होते ते ठिकाण १७५० मीटरवर आहे, तिथला रात्रीचा अंदाज होता सहा अंशांचा. नऊशे मीटर वर म्हणजे शून्याच्या आसपास, असा माझा हिशोब होता. सोंडेवर तो बरोबर निघाला, ओढ्याकाठी साफ चुकला. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडून देते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत खोलगटात जाऊन साठते. पहिल्या खेपेला मी त्याच डबक्याच्या तळाशी झोपलो होतो.

खालच्या थर्मामीटरची दोरी कडक झाली होती. गवताच्या प्रत्येक पात्याला पांढरी कड, बुटाखाली करकर आवाज. जोडीदार काही बोलला नाही. फक्त पाणी भरून घेतलं आणि माझ्या आधी वर चढून गेला.

ओलीचा प्रश्नही बराचसा इथेच सुटला. मागच्या वेळी तंबूच्या आतून अक्षरशः थेंब पडत होते आणि मी तंबू गळतोय म्हणून शिवणींना गोंद लावत बसलो होतो. ते पाणी आमच्याच श्वासातलं. बाहेरचं कापड आभाळाखाली हवेपेक्षाही गार होतं आणि आतली वाफ त्यावर जमते. वारा पडलेल्या ओलसर खोलगटात ही वाफ बाहेर जायला वावच नसतो. सोंडेवर मंद वारा होता, दोन्ही टोकांच्या खिडक्या मी उघड्या ठेवल्या, बाहेरचं कापड जमिनीपासून चार बोटं वर ताणलं. सकाळी पायथ्याकडे हाताएवढा दमट पट्टा, बाकी कोरडं. किंमत एवढीच मोजावी लागली की रात्रभर कापड फडफडत होतं. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी कानात बोळे घालावेत. मला तो आवाज आवडतो.

आता मुद्द्याचं. गवतावर मी दोन्ही वेळा का झोपलो? अडाणी होतो म्हणून, हे आहेच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे दोन्ही वेळा पोचलो तेव्हा अंधार पडला होता. हेडटॉर्चच्या उजेडात जी पहिली सपाट जागा दिसेल ती आपली. सोंड बघायला, जमिनीचा उतार तपासायला, वारा कुठून येतो ते पाहायला दिवसाचा उजेड लागतो. आणि उशीर का झाला? कारण मी किलोमीटर मोजत होतो, चढ मोजतच नव्हतो.

पहिल्या दिवसाची वाट नकाशावर अकरा किलोमीटर. ताशी चारच्या वेगानं पावणेतीन तास, असं म्हणून मागे आम्ही दुपारचं जेवण उरकून निघालो होतो. यावेळी नेस्मिथचा नियम लावला. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक, नियम १८९२चा आणि अजून ठणठणीत: सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. नऊशे मीटर चढाचा दीड तास, अंतराचे सव्वादोन, म्हणजे पावणेचार. पण हे झालं चपळ, हलक्या ओझ्याच्या आणि न थांबणाऱ्या माणसाचं. पाठीवर चौदा किलो आणि फुलं दिसली की बसकण मारणारा जोडीदार, म्हणून मी त्याची दीडपट केली. साडेपाच तास आणि वर थोडे. सकाळी साडेसहाला निघालो, बारा वीसला सोंडेखाली होतो. नोंदवहीत आकडा आहे पाच तास पन्नास मिनिटं. इतकं जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं.

उतारालाही हिशोब लागतो हे मला आधी ठाऊक नव्हतं. नेस्मिथच्या नियमाला ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांची पुरवणी अशी: सौम्य उतारावर दर तीनशे मीटरला दहा मिनिटं वजा, तीव्र उतारावर तितकीच अधिक. दुसऱ्या दिवशी खिंडीपलीकडे नऊशे मीटरचा उतार होता, तोही घसाऱ्याचा. अर्धा तास जास्त धरला होता. माझ्या गुडघ्यांनी एक तास घेतला. काठ्या असूनही. पुढच्या वेळी घसाऱ्याला वेगळा आकडा लावणार.

लवकर निघण्याचा आणखी एक फायदा खिंडीत मिळाला. साडेदहाला आम्ही माथा ओलांडला. एक वाजता खाली झाडीत असताना मागे गडगडाट सुरू झाला. वीज दिसल्यापासून सेकंद मोजले तर एकवीस, म्हणजे सात किलोमीटर. डोंगरात दुपारी ढग चढतात, उघड्या धारेवर तेव्हा असू नये, हे सगळेच सांगतात. ऐकायला ठीक असतं. त्या धारेवरून आपण नुकतेच चालत आलोय हे माहीत असताना तो आवाज ऐकणं निराळं.

दुसरा मुक्काम झाडांखाली. इथे मोजमाप केलं नाही, पण दंव जवळजवळ पडलंच नाही. झाडांचा पसारा आभाळ झाकतो, त्यामुळे तंबूचं कापड तितकं गार होत नाही. मात्र तंबू लावण्याआधी वर बघा. आम्ही पहिली पसंत केलेली जागा सोडली, कारण बरोबर डोक्यावर एक वाळकी फांदी दुसऱ्या फांदीला नुसती टेकून होती.

फजितीशिवाय खेप पुरी होत नाही. या वेळच्या दोन. पहिली गॅसची. डब्यात ब्युटेन जास्त असलेलं मिश्रण होतं, माझ्याच आळसानं आणलेलं. साधं ब्युटेन शून्याखाली अर्धा अंश गेलं की उकळायचं थांबतं, मग ज्योत कुठून येणार? आयसोब्युटेन उणे अकरा-बारापर्यंत तग धरतं, प्रोपेन तर उणे बेचाळीसपर्यंत. सोंडेवर पहाटे ज्योत निळ्या मण्याएवढी झाली. हवा एक अंश होती, पण गॅसची वाफ होताना डबा स्वतःच गार होत जातो. शेवटी डबा जॅकेटच्या आत पोटाशी धरून दहा मिनिटं बसलो, तेव्हा कुठे पाणी तापलं. आता डबा रात्री बॅगेत, पायांशी.

दुसरी फजिती उंदराची. खाऊ सगळा झाकणबंद डब्यात, तंबूपासून लांब, अगदी नियमाप्रमाणे ठेवला होता. एक रिकामी पिशवी मात्र सॅकच्या बाजूच्या कप्प्यात राहिली. रिकामी! तिला नुसता वास होता. मध्यरात्री खरखर ऐकू आली, वाटलं पानं असतील. सकाळी कप्प्याला अंगठा जाईल एवढं गोल भोक. कडा अशा सुबक कातरल्या होत्या की जोडीदार म्हणाला, ‘शिंप्याकडून करून घेतलंय का?’

तिसऱ्या दिवशी परतताना तो वरच्या बर्फावर पोसलेला ओढा लागला. मागच्या खेपेला दुपारी चारला आम्ही तो गुडघाभर पाण्यातून, एकमेकांचे दंड धरून ओलांडला होता. दिवसभर ऊन खाऊन बर्फ वितळतं, ते पाणी संध्याकाळपर्यंत खाली पोचतं. पहाटे सगळ्यात कमी. यावेळी सात वाजता पोचलो तर पाणी घोट्याला लागेल न लागेल. सॅकचा कमरेचा पट्टा सवयीनं सोडला, पाय घसरला तर ओझं झटकता यावं म्हणून. जोडीदार हसला आणि दगडांवरून बूट न भिजवता पलीकडे गेला. मी एक दगड चुकवला आणि डावा मोजा भिजवला.

पुढची खेप तीन हजार मीटरच्या वरची आहे. तिथे रोजच्या झोपायच्या उंचीत पाचशे मीटरपेक्षा जास्त भर घालायची नाही, म्हणून दोनऐवजी चार मुक्काम आखलेत. ओझं त्यामुळे वाढणार, त्यावर अजून तोडगा नाही. दुसरा थर्मामीटर पुन्हा नेतोय, या वेळी तंबूच्या आत टांगायला. सॅकच्या भोकाला तूर्त आतून-बाहेरून चिकटपट्टी मारली आहे.